‘तुझ्यात जोर नाही’

गोळाफेक या नावातच फसगत आहे. गोळा फेकायचा नसतो. मानेशी टेकवून, पायांतून वर आलेल्या जोराने पुढे ढकलायचा असतो. वाशीम जिल्ह्यातल्या माझ्या शाळेत हे कुणी सांगितलं नाही. ज्या सरांचा तास रिकामा, त्यांच्याकडे पीटी. आम्ही चेंडूसारखा गोळा फेकायचो, कोपर दुखायचं. सर म्हणायचे, "तुझ्यात जोर नाही."

गणिताच्या सरांचं चुकलं तर पुस्तकाशी ताडून पाहता येतं. मी सॉफ्टवेअर लिहितो. प्रोग्रॅम अडला तर बहुतेकदा कुठल्या ओळीत अडला ते कळतं. मैदानावर मुलाकडे ताडून पाहायला काहीच नसतं. शिक्षकाचं अज्ञान त्याला आपल्याच शरीराचा दोष वाटतं.

यात सरांचा दोष किती? त्यांना नेमलं होतं बीजगणितासाठी. आणि ही विद्या आपल्याकडे नव्हती असंही नाही. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालं. १९३६ मध्ये त्यांच्या चमूने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवली.

एखादी गोष्ट न येणं हा गुन्हा नाही. पण जे आपल्याला येत नाही, त्यावरून मुलाच्या शरीराचा निकाल लावणं हा अन्याय आहे. "मला हे शिकवता येत नाही," एवढं म्हटलं तरी मूल त्या निकालातून सुटतं.