नाकाबंदीवरचा प्रश्न आणि गरजेचा निवाडा

साथीच्या काळात घराबाहेर पडलेल्या माणसाला चौकात अडवून पोलिसाने ‘कुठे निघालात?’ असे विचारणे ही सामान्यतः कायदा व सुव्यवस्थेची बाब मानली जाते. परंतु या प्रश्नाला उत्तर देताना माणसाला आपली गरज परक्यापुढे सिद्ध करावी लागते. आणि गरज कशाला म्हणावे, ती कोणी ठरवावी आणि विचारणाऱ्याला खरे सांगण्याचे बंधन कुठवर पोचते, हे धर्मविचारातले फार जुने प्रश्न आहेत. २०२० च्या टाळेबंदीने हे प्रश्न पोथीतून उचलून भर रस्त्यात आणले, आणि ज्यांनी कधी धर्मशास्त्राचे पान उलटले नव्हते अशा लाखो लोकांना त्यांची उत्तरे उभ्या उभ्या द्यायला लावली.

महाराष्ट्रात २२ मार्च २०२० च्या जनता संचारबंदीनंतर दुसऱ्याच दिवशी राज्यभर संचारबंदी जाहीर झाली आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. तिला आधार होता तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ चा, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आणि १८९७ च्या साथरोग कायद्याचा; आदेश मोडणाऱ्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली, म्हणजे लोकसेवकाने रीतसर काढलेल्या आदेशाचा भंग केल्याबद्दल, गुन्हा नोंदवला जाई. एरवी संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकाला देशात मुक्तपणे फिरण्याचा हक्क दिलेला आहे आणि त्यावर निर्बंध घालायचे तर त्यांची वाजवी कारणे शासनाने द्यावी लागतात. टाळेबंदीत हा क्रम व्यवहारात उलटला: बाहेर पडणे हाच सकृद्दर्शनी अपराध ठरला आणि तो अपराध नाही हे पटवून देण्याचा भार चालणाऱ्यावर आला. त्यातून एक विलक्षण पेच उभा राहिला. फौजदारी तपासात ज्या माणसाची चौकशी होते त्याने खरी उत्तरे द्यावीत अशी कायद्याची अपेक्षा असली, तरी ज्या उत्तराने तो स्वतःच आरोपी ठरेल ते देण्याची सक्ती त्याच्यावर नसते. नाकाबंदीवर मात्र ‘घरात जीव गुदमरला म्हणून बाहेर पडलो’ हे सरळ खरे उत्तर म्हणजे गुन्ह्याची कबुलीच होती, आणि गप्प राहणे हाही संशयाचा पुरावा मानला जात होता.

गरजेची अशी तपासणी एका माणसाने दुसऱ्याची करावी, याचे एक लख्ख चित्र छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात आले आहे. कुरुदेशात पिके बुडाल्यावर उषस्ती चाक्रायण नावाचा विद्वान आपल्या पत्नीसह माहुतांच्या गावात जाऊन राहतो आणि भुकेने व्याकूळ होऊन तेथल्या एका माणसाकडे अन्न मागतो. तो माणूस कुल्माष, म्हणजे हलक्या प्रतीचे शिजवलेले कडधान्य, खात बसलेला असतो आणि पुढ्यात आहे त्यापलीकडे आपल्याजवळ काही नाही असे सांगतो. उषस्ती त्यातलेच मागून घेतो आणि खातो. मग तो माणूस पाणी पुढे करतो, तेव्हा ते उष्टे असल्याचे सांगून उषस्ती नाकारतो. त्यावर माहूत विचारतो, की मग हे कुल्माष उष्टे नव्हते काय? उषस्तीचे उत्तर असे, की ते खाल्ले नसते तर आपण जगलो नसतो, पाणी मात्र आपल्याला हवे तेव्हा मिळू शकते. उरलेले कुल्माष तो पत्नीसाठी घेऊन जातो. ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायात याच कथेच्या आधारे असा निर्णय दिला आहे, की वाटेल ते अन्न चालते ही मुभा प्राणावर बेतले असतानाच आहे, एरवी नाही.

या कथेचा उल्लेख सहसा आपद्धर्माचे, म्हणजे संकटकाळी नेहमीचे नियम शिथिल करणाऱ्या धर्माचे, उदाहरण म्हणून होतो. परंतु तिच्यातला प्रश्नकर्ता तितकाच महत्त्वाचा आहे. माहूत हा उषस्तीच्या तुलनेत समाजात खालच्या पायरीवरचा, तरी तो त्या विद्वानाला त्याच्या वागण्यातली विसंगती दाखवतो, आणि विद्वान रागावत नाही, आपले शास्त्रज्ञान पुढे करत नाही, आपण कोण आहोत हेही सांगत नाही. गरज कुठे संपते आणि इच्छा कुठे सुरू होते, एवढेच तो नेमके सांगतो. विचारणारा ऐकून घेतो. उत्तर मिळण्यापूर्वी त्याच्या हाती शिक्षा तयार नसते. गरजेविषयीचा प्रश्न न्याय्य कधी ठरतो याच्या बहुतेक अटी या छोट्याशा संवादात आलेल्या आहेत, आणि नाकाबंदीवरचा प्रश्न याच कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

गरज आणि इच्छा यांतली ही सीमा मीमांसकांनी, म्हणजे वैदिक कर्मांच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र रचणाऱ्या पंडितांनी, अधिक बारकाईने आखली. जे केले नाही तर दोष लागतो आणि जे नेमाने करायचे असते ते नित्य कर्म. मृत्यू, जन्म, ग्रहण अशा निमित्ताने अंगावर येते ते नैमित्तिक. आणि फळाच्या इच्छेने करायचे, इच्छा नसेल तर न केले तरी चालणारे, ते काम्य. शासनाच्या आदेशांतही नकळत हीच वर्गवारी उतरली होती. दूध, भाजी, औषधे आणि अत्यावश्यक सेवा नित्याच्या जागी होत्या, दवाखाना आणि अंत्यविधी नैमित्तिकाच्या, आणि सकाळचा फेरफटका किंवा मित्राची भेट काम्याच्या. मुंबई पोलिसांनी एप्रिल २०२१ मध्ये वाहनांसाठी लाल, हिरवे आणि पिवळे स्टिकर काढले, तेव्हा ही वर्गवारी अक्षरशः काचेवर चिकटवली गेली. एका तरुणाने समाजमाध्यमावर आपल्या प्रेयसीला भेटायला जाण्यासाठी कोणत्या रंगाचे स्टिकर लावावे असे विचारले आणि पोलिसांनी हे कारण अत्यावश्यकात बसत नसल्याचे सौम्य शब्दांत कळवले. काही दिवसांतच ती रंगव्यवस्था मागे घेण्यात आली.

तथापि शासनाची यादी आणि धर्माची यादी यांत एक मूलभूत फरक राहिला, तो असा की शासनाने गरज मोजली ती शरीराच्या मापाने. अंत्यविधीला वीसपेक्षा अधिक लोक नकोत हा नियम संसर्ग रोखण्याच्या दृष्टीने योग्यच होता. परंतु दुसऱ्या जिल्ह्यात आई गेली आणि पास मिळेपर्यंत दहन उरकले, अशा मुलाला जे गमवावे लागले त्याला त्या यादीत रकानाच नव्हता. इटालियन तत्त्वज्ञ जॉर्जो आगाम्बेन यांनी २०२० मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला, की केवळ जिवंत राहण्यासाठी समाजाने आपल्या मृतांचा निरोप घेणेसुद्धा सोडून दिले. त्यांनी साथीचे गांभीर्यच नाकारले ही त्यांची चूक मोठी आणि तिचा प्रतिवाद व्हायलाच हवा होता, पण त्या चुकीमुळे हा आक्षेप खोटा ठरत नाही.

धर्मपरंपरेजवळ यावर जे उत्तर होते ते ताठर नव्हते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत असा निर्णय आहे, की काम्य कर्म सर्व अंगांसह पुरे करता येत नसेल तर ते करू नये, पण नित्य कर्म मात्र काही अंगे सुटली तरी यथाशक्ती, म्हणजे जमेल तेवढे, करावेच. १ जुलै २०२० च्या आषाढी एकादशीसाठी संतांच्या पालख्या मोजक्या वारकऱ्यांसह एसटी बसने पंढरपूरला पोचल्या आणि लाखो माळकऱ्यांनी घरीच एकादशी केली, तेव्हा वारकऱ्यांच्या लेखी नित्य असलेला नेम तुटला नाही, त्याची अंगे तेवढी कमी झाली. पायी चालणे हे वारीचे केवढे मोठे अंग आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या त्यागाची किंमतही कळते.

गरजेची सीमा फक्त स्वतःच्या प्राणापुरती आखायची काय, हाही प्रश्न उरतो. उषस्तीने वाटणी पत्नीसाठी राखून ठेवली, आणि सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना स्वतः संसर्गाने १० मार्च रोजी मरण पावल्या. जवळच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन उपचारासाठी आणले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. दुसऱ्याच्या जिवासाठी घराबाहेर पडणे हे नित्य, नैमित्तिक आणि काम्य या तिन्ही खणांत पुरते मावत नाही. २०२० मध्ये उपाशी वस्त्यांत शिधा पोचवणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना डबा नेऊन देणाऱ्या अनेकांना चौकात आपले कारण पटवता पटवता नाकी नऊ आले ते यामुळेच, कारण त्यांच्याजवळ ना चिठ्ठी होती, ना ओळखपत्र.

येथे नाकाबंदीवरच्या प्रश्नाचा खरा दोष उघड होतो. तो विचारला जाई गरजेविषयी आणि तपासली जात ती कागदपत्रे. ज्याच्याजवळ डॉक्टरांची चिठ्ठी, कंपनीचे पत्र किंवा ई-पास होता त्याची गरज दोन मिनिटांत मान्य होई. घरकाम करणारी बाई, बिगारी, हमाल यांच्या कामाचा पुरावा कोणी कधी लिहूनच दिलेला नव्हता. आणि ज्यांचे घरच दूर होते त्यांच्यासाठी हा प्रश्न निरर्थक होता, कारण त्यात असे गृहीत धरलेले होते की टाळेबंदीच्या रात्री माणूस जिथे होता ते त्याचे घर. जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर गावी जाणारी गाडी भुसावळहून मिळेल या आशेने रेल्वेमार्गाने पायी निघाले, थकून रुळांवरच झोपले आणि ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यांतले सोळा जण ठार झाले. त्यांनी बरोबर घेतलेल्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या. परत जाण्यासाठी अर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पोलीस ठाण्यातली नोंद यांच्या फेऱ्यात अडकलेले हजारो लोक त्या दिवसांत हमरस्ता टाळून चालत होते. घर का सोडले, असे ज्यांना विचारले जाणार होते ते घराकडेच निघाले होते.

मग अशा प्रश्नाला खरे उत्तर देण्याचे बंधन किती? १७९७ मध्ये इमान्युएल कांट यांनी असे प्रतिपादन केले, की दारात आलेला खुनी आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारत असला तरी खोटे बोलण्याचा हक्क कोणाला नाही. ज्यांना ते उत्तर देत होते त्या बेंजामिन कॉन्स्टंट यांचे म्हणणे असे होते, की सत्य हे फक्त ज्याला त्यावर अधिकार आहे त्यालाच देणे लागते. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो: पळालेली माणसे कुठे दडली ते त्याने दरोडेखोरांना खरे सांगितले, ती मारली गेली आणि सत्यव्रताचा अभिमान बाळगणारा कौशिक नरकात गेला. टाळेबंदीत औषधाची जुनी चिठ्ठी दाखवून फिरायला जाणारे आपल्या सोयीसाठी याच कथेचा आधार घेऊ शकले असते, पण तो आधार त्यांना मिळत नाही. कौशिकाच्या खरेपणाने तिसऱ्याचा जीव गेला. येथे तिसऱ्याचा जीव खोटेपणाने धोक्यात येत होता. चौकात उभा असलेला पोलीस दरोडेखोर नव्हता, तो अनोळखी माणसांच्या वतीने विचारत होता, आणि त्या कामात महाराष्ट्रातल्या शेकडो पोलिसांनी प्राण गमावले. मुंबईत तर पंचावन्न वर्षांवरील पोलिसांना घरीच थांबायला सांगावे लागले होते. कॉन्स्टंट यांच्या भाषेत सांगायचे तर या प्रश्नकर्त्याला सत्याचा अधिकार होता.

परंतु हा अधिकार प्रश्न विचारण्याचा होता, त्यातून शिक्षेचा अधिकार मिळत नव्हता. कलम १८८ खाली शिक्षा द्यायची तर संबंधित लोकसेवकाने न्यायालयात लेखी तक्रार करावी लागे, आणि ती शिक्षाही जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी होती. काठीचे फटके, कान धरून उठाबशा, ‘मी समाजाचा शत्रू आहे’ अशा अर्थाचे फलक हाती देऊन काढलेली छायाचित्रे, हे कोणत्याही कलमात नव्हते. उठाबशा ही शाळेतल्या पोराला देण्याची शिक्षा. ती पन्नाशीच्या माणसाला भर चौकात देणे म्हणजे गरज आणि इच्छा यांत निवाडा करण्याची त्याची कुवतच नाकारणे होय, आणि मग त्याच्याकडून खऱ्या उत्तराची अपेक्षा धरण्याला आधार उरत नाही. सत्याचा अधिकार ऐकून घेण्याच्या तयारीवर टिकतो. जेथे उत्तराआधी काठी पडत होती तेथे तो अधिकार विचारणाऱ्यानेच गमावला होता.

१८९७ च्या साथरोग कायद्याचे चौथे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे: सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणाही व्यक्तीविरुद्ध दावा किंवा कारवाई चालणार नाही, असे ते सांगते. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले, त्या जुलमाचा क्षोभ शिगेला पोचला आणि २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. चालणाऱ्याचा हेतू तपासायचा आणि अडवणाऱ्याचा हेतू मात्र शुद्ध धरायचा, ही त्या काळची मांडणी १२३ वर्षांनी जशीच्या तशी वापरली गेली. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांना आवश्यक असे संरक्षण दिले, पण चौथ्या कलमाला हात लावला नाही. १ जुलै २०२४ पासून कलम १८८ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ ने घेतली आहे. टाळेबंदीत कलम १८८ खाली नोंदवलेले गुन्हे मागे घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२२ मध्ये जाहीर केला आणि नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी अडलेल्या अनेक तरुणांना त्यातून दिलासा मिळाला. ज्यांनी काठी खाल्ली किंवा उठाबशा काढल्या त्यांच्या नावावर गुन्हाच नोंदलेला नव्हता, त्यामुळे त्यांच्या बाबतीत मागे घेण्यासारखे कागदोपत्री काही नव्हते.