पर्यायी व्यवस्था कोणाच्या विरोधात?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग एकाएकी बंद पडला. लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडच्या ऐन काळात रुग्णालयांना जनरेटरवर यावे लागले. कळवा-पडघा ४०० केव्ही यंत्रणेतले एक सर्किट देखभालीसाठी बंद होते, सगळा भार दुसऱ्यावर होता आणि दुसऱ्यातच बिघाड झाला, असे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी सांगितले. बाहेरचे ग्रिड कोसळले तर मुंबईला वेगळे काढून वाचवणारी, १९८१ पासूनची आयलंडिंग योजनाही त्या दिवशी टिकली नाही.

पुढे वाद रंगला तो भलत्याच गोष्टीवर. मार्च २०२१ मध्ये राज्य सरकारने सायबर घातपाताची शंका मांडली, तर तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की ही मानवी चूक. परदेशी हॅकर की इथला माणूस, यावर पानेच्या पाने छापून आली. त्या दिवशी नियंत्रण कक्षात पाळीवर असलेल्या माणसांना यंत्रणेच्या कोणत्या दुखण्यांची आधीपासून कल्पना होती आणि ती सांगायला त्यांना जागा होती का, हा प्रश्न मात्र चर्चेत आलाच नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच होता.

कळव्याला लागून, ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीत राज्य भार प्रेषण केंद्र आहे. विमानतळावरचा हवाई वाहतूक नियंत्रणाचा (एटीसी) मनोरा आकाशासाठी जे करतो तेच हे केंद्र विजेसाठी करते. वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास राखायची, कोणत्या वाहिनीवर किती भार हे पाहायचे, गरज पडली तर काही क्षणांत भारनियमनाचा आदेश द्यायचा. दोन्हीकडे पडद्यासमोर बसलेल्या माणसाला यंत्र बिघडण्याआधी त्याचे कुरकुरणे ऐकू येते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळावर विमानांचे संदेश वाहणारी संगणक यंत्रणा कोलमडली. नियंत्रकांना उड्डाणांचे आराखडे हाताने भरावे लागले आणि आठशेहून अधिक उड्डाणांना उशीर झाला. नियंत्रकांची संघटना असलेल्या एटीसी गिल्डने दिल्ली आणि मुंबईतल्या स्वयंचलित यंत्रणा मंदावत असल्याचा इशारा त्याच वर्षी जुलैमध्ये दिला होता. बंद पडलेली यंत्रणा आणि इशाऱ्यातली यंत्रणा तंतोतंत एकच नव्हती, हे खरे. पण वापरणाऱ्यांनी सांगितलेल्या दुखण्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय तीच.

याची किंमत अमेरिकेने मोजली आहे. एराम नावाची नवी नियंत्रण प्रणाली आणताना तिथल्या हवाई प्रशासनाने सुरुवातीला नियंत्रकांच्या संघटनेला दूर ठेवले. सॉल्ट लेक सिटी आणि सिअ‍ॅटलला प्रणाली प्रत्यक्ष चालवून पाहिली तेव्हा शेकडो दोष बाहेर आले. नंतर नियंत्रकांचे प्रतिनिधी कामात घेतले गेले आणि २०१० अखेर संपायचे काम २०१५ मध्ये पूर्ण झाले. दरम्यान सप्टेंबर २०१४ मध्ये शिकागोजवळच्या केंद्राला एका कंत्राटी तंत्रज्ञाने आग लावली. तिथले नियंत्रक शेजारच्या केंद्रांत जाऊन बसले, आपले आकाश त्यांनी तिथून सांभाळले आणि सुमारे अडीच आठवड्यांत मूळ केंद्र पुन्हा उभे राहिले. आपत्तीतली पर्यायी व्यवस्था म्हणजे आपले काम जाणणारी माणसेच होती.

आपल्याकडे ‘पर्यायी व्यवस्था’ हे शब्द कानावर येतात ते संपाच्या आदल्या दिवशी. ४ जानेवारी २०२३ रोजी भांडुप, ठाणे, नवी मुंबई पट्ट्यात समांतर वीज वितरणाचा परवाना खासगी कंपनीला देण्याच्या हालचालींविरोधात वीज कर्मचारी संपावर गेले, तेव्हा एकीकडे अत्यावश्यक सेवांमधले संप रोखणारा मेस्मा कायदा लागला आणि दुसरीकडे निवृत्त अभियंते, कंत्राटी कामगार यांची जुळवाजुळव झाली. कळवा-मुंब्रा-शिळ भागातले वितरण तर मार्च २०२० पासूनच टोरंट या खासगी कंपनीकडे होते. तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी बैठक होऊन संप त्याच दिवशी मिटला. पण आराखडा कर्मचाऱ्यांसोबत नव्हे, त्यांच्या विरोधात बनतो, हे मला फार धोकादायक वाटते. ग्रिड पडल्यावर अंधारातून ते उभे करण्याची वेळ येते तेव्हा निवृत्तांची यादी कामाला येत नाही.

संघटना सुरक्षिततेच्या नावाखाली पगार आणि भरतीच पुढे रेटतात, असा आक्षेप आहे. तो खोटा नाही. १९८१ मध्ये अमेरिकेच्या नियंत्रकांनी पगार आणि कामाच्या तासांसाठी संप केला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अकरा हजारांहून अधिक जणांना कामावरून काढले आणि संघटनाच संपली. म्हणूनच धोक्याची बोलणी पगाराच्या बोलण्यांपासून वेगळी हवीत, त्यांचे इतिवृत्त वेगळे हवे आणि धोक्याबद्दल तोंड उघडणाऱ्यावर कारवाई होणार नाही अशी लेखी हमी हवी. ग्रिडवर दुरून देखरेख ठेवणारी स्काडा प्रणाली असो की बिघाड होताच वाहिनी तोडणारी नवी रिले, खरेदीची निविदा निघण्यापूर्वी पाळीतल्या ऑपरेटरांचे म्हणणे घेतले पाहिजे. पूर्ण बंद पडलेले ग्रिड पुन्हा उभे करण्याची, म्हणजे ब्लॅक स्टार्टची तालीम ग्रिड संहितेप्रमाणे करावीच लागते. तिच्या आखणीत संघटनांचे प्रतिनिधी बसवायला कायद्याची आडकाठी नाही.

मुंबईला वीज आणणारी खारघर-विक्रोळी ही नवी ४०० केव्ही वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली, तारा वाढल्या. आता महापारेषण या राज्याच्या वीज पारेषण कंपनीने आणि विमानतळ प्राधिकरणाने एवढे करावे : कर्मचारी संघटनेकडून आलेल्या प्रत्येक तांत्रिक इशाऱ्याला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि ते उत्तर जनतेसमोर ठेवावे.