ताबा कोणाचा सुटला?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मुलीला पहाटेच्या रेल्वेसाठी स्टेशनवर सोडायचं होतं. उठायला उशीर झाला होता आणि गाडी सुटायला जेमतेम पंचवीस मिनिटं उरली होती. जळगावात त्या दिवशी दाट धुकं होतं, काच पुसली तरी पुन्हा धूसर होत होती. वळणावर अचानक सायकलवरचा दूधवाला दिसला. ब्रेक दाबला, चाकं थांबली, पण गाडी थांबेना. ती तिरकी होऊन सरकतच राहिली.

खाली कच होती. पाइपलाइनसाठी खणलेली चारी मुरूम टाकून बुजवली होती, वर बारीक खडी पसरली होती आणि डांबर पडायचं राहून गेलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्या वाहनांनी ती खडी सगळ्या वळणभर नेली होती. टायर खडीला धरतो, पण खडी रस्त्याला धरत नाही. थंड देशांत लोक रस्त्यावरच्या बर्फाला जसे घाबरतात, तसं आपण या कचेला घाबरायला हवं. फरक एवढाच की बर्फ आभाळातून पडतो आणि कच माणसं टाकून जातात.

गाडीच्या कोपऱ्याचा धक्का लागून दूधवाला पडला. एक कॅन आडवी झाली. दूध खडीतून वाहत गेलं आणि चारीच्या मुरमात जिरलं. तो उजवं मनगट डाव्या हातात धरून बसला होता आणि माझ्याकडे नाही, त्या दुधाकडे पाहत होता. टपरी उघडत असलेला चहावाला पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. म्हणाला, "भाऊ, आठे रोज एखादा पडस."

मनगट मोडलं होतं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला, म्हशींची धार त्याच्या बायकोने काढली. दवाखान्याचा आणि बुडालेल्या दिवसांचा खर्च मी दिला. पण त्यानंतर कितीतरी दिवस, जो विचारेल त्याला मी एकच वाक्य सांगत होतो: "कचेवरून गाडी घसरली." वाक्य खोटं नव्हतं. त्यात मी मात्र कुठेच नव्हतो. धुक्यात, अंधारात, त्या वळणावर जो वेग होता तो माझा होता. आणि त्यात ती चारी अर्धवट सोडून गेलेला माणूसही नव्हता. गाडी घसरली म्हटलं की दोघंही सुटलो.

आपली अपघाताची सगळी भाषाच अशी आहे. "चालकाचा ताबा सुटला." "काळाने घाला घातला." आम्ही वर्तमानपत्रात लिहिणारे हे शब्द इतके सराईतपणे वापरतो की बातमी वाचून झाल्यावर कोणाला काही विचारावंसंच वाटत नाही.

१४ फेब्रुवारी २०२१ची मध्यरात्र आठवून पाहा. पपईने भरलेला ट्रक रावेरकडे निघाला होता आणि मजूर त्या मालावरच बसले होते. यावल तालुक्यात किनगावजवळ ट्रक उलटला आणि पंधरा जण गेले. त्यात बायका होत्या, लहान मुलंही होती. त्याच्या साधारण वर्षभर आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, याच तालुक्यात हिंगोण्याजवळ डंपर आणि क्रूझरची धडक झाली होती. चोपड्याहून लग्नाचा स्वागत समारंभ आटोपून मुक्ताईनगरकडे परतणारे दहा जण त्यात गेले. दोन्ही अपघात चोपडा, यावल, फैजपूर, रावेर असा जाणाऱ्या एकाच रस्त्यावरचे. दोन्ही थंडीतले, दोन्ही मध्यरात्रीच्या सुमाराचे.

या दोन अपघातांची कारणं एक नव्हती आणि मी ती एकत्र करणार नाही. पण किनगावचा विचार मनातून जात नाही. मालवाहू गाडीत माणसं बसवायची नाहीत, हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. दिवसभर पपई तोडून, भरून झाल्यावर त्या बायकांनी मध्यरात्री घरी कसं जायचं, हे मात्र कोणाच्याच कामात धरलेलं नसतं. ना माल घेणाऱ्याच्या, ना शेतमालकाच्या. ती फळं खाणाऱ्या तुमच्या-माझ्याही ते मनात येत नाही. कितीतरी हातांनी चुका केल्या असतील, पण बातमीत शेवटचा हात तेवढा दिसतो, स्टिअरिंगवरचा.

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली एक धोरण स्वीकारलं. माणूस चुकणारच हे धरून चाला आणि त्याची चूक त्याच्या जिवावर बेतणार नाही असा रस्ता बांधा, हे त्याचं सूत्र. यात चालकाला माफी नाही. पण जबाबदारी त्याच्यापाशीच संपत नाही, ती रस्ता आखणाऱ्यापर्यंत, बांधणाऱ्यापर्यंत आणि सांभाळणाऱ्यापर्यंत जाते. मला हे न्यायाचं वाटतं.

आपल्याकडेही कायदा आता त्या बाजूला वळतो आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसेल आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर यंत्रणेला आणि कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख आणि जखमीला पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई, आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करायची.

पण हे सगळं कागदावर "खड्डा" हा शब्द आला तरच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली खड्ड्यांमुळे गेलेली १,८५६. आपले रस्ते रोज तुडवणाऱ्या कोणालाही हा दुसरा आकडा खरा वाटेल का? माझी खात्री आहे, कितीतरी खड्डे "ताबा सुटला" या दोन शब्दांखाली बुजले आहेत. डांबराने नाही, शाईने. त्या पहाटे माझ्या वाक्यानेही तेच केलं.

म्हणून एक विनंती आहे. अपघात पाहिलात तर आधी जखमीला दवाखान्यात न्या. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, कायद्याचं संरक्षण आहे. मग मोबाइलवर रस्त्याचा फोटो काढा, जवळ वही ठेवली तर किती लांब आणि किती खोल हे दिसेल. आणि पंचनाम्याच्या वेळी पुन्हा तिथे जा. खड्डा होता, कच होती, दिवा बंद होता, जे असेल ते लिहून घ्यायला लावा आणि वाचल्याशिवाय सही करू नका.