वहीतील पहिली नोंद

आपल्या मोबाइलच्या बॅटरीत बहुधा कोबाल्ट असते. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगो देशातून येते. तेथील कोलवेझी परिसरात लहान मुलांनीही ते खणले व वेचले आहे. व्यापाऱ्याच्या वखारीत सारा माल मिसळला की त्या मुलांच्या घामाचा मागमूस उरत नाही.

हा माग राहावा म्हणून व्होल्वो मोटार कंपनीने २०१९ मध्ये ब्लॉकचेन स्वीकारली. या संगणकीय खातेवहीत प्रत्येक नोंद मागील नोंदीशी बांधलेली असते. गुपचूप खाडाखोड करता येत नाही. सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीतही उधारीचा व्यवहार साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवण्याचा आदेश आहे; पण तेथे लेखनिकाला न्यायाने लिहिण्याचीही ताकीद आहे. कारण वहीला असत्य ओळखता येत नाही. मुलाने खणलेली गोणी प्रारंभीच ‘निर्दोष’ नोंदली गेली, तर ते असत्यच अढळ होते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा उघड केला होता. आपणही वरच्या शिक्क्यावर विसंबू नये. विक्रेत्याला विचारावे, चालता फोन हौसेखातर बदलू नये. किरामन कातिबीन आपलीही नोंद लिहीत आहेत.

अल्लाह आपल्याला हलाल कमाईइतकीच निर्मळ खरेदीची सद्बुद्धी देवो. आमीन.