पाचव्या नंबरचे दैव

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, वेगवेगळ्या चेष्टा आणि दैव. दैवाचा नंबर शेवटचा. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात, कराडपासून वाळवा-पलूसपर्यंत, ऊसतोड उरकली की फडात हेक्टरी 8 ते 10 टन पाचट पडून राहते. ते कुजवायचे नसेल आणि पेटवायचेही नसेल, तर गोल बेलर लावून त्याचे गठ्ठे करतात. हा बेलर जुना असेल आणि ऐन हंगामात अडला, तर गीतेचा क्रम उलटा होतो. आधी नशिबाला बोल लागतो, मग यंत्राला, मग ड्रायव्हरला. शेताची चौकशी होतच नाही. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटणे ही नुसती यांत्रिक चूक नाही, धर्मदृष्ट्याही ती चूक आहे. दैव मानणाऱ्यानेच पहिली चार कारणे आधी तपासली पाहिजेत, कारण त्याच्याच ग्रंथात दैव पाचवे आहे.

गोल बेलरच्या तक्रारी या कसोटीला चांगल्या उतरतात, कारण त्यांत दोष दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे. गठ्ठा एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक येतो, तेव्हा यंत्र वाकले असे वाटते. बहुतेक वेळा पाचटाची ओळ अरुंद लागलेली असते आणि ट्रॅक्टर तिच्या एकाच अंगाने चाललेला असतो. ओळ यंत्राच्या तोंडाइतकी रुंद हवी, नाहीतर ड्रायव्हरने थोडे डावीकडून, थोडे उजवीकडून माल घातला पाहिजे. पट्ट्यांच्या बेलरमध्ये पट्टे एका कडेला सरकतात, त्याचेही मूळ अनेकदा हेच. किंवा रोलरला पाचट गुंडाळलेले असते, किंवा दुरुस्तीत एक पट्टा इतरांपेक्षा आखूड जोडला गेलेला असतो. सुतळी गठ्ठ्याला धरत नाही, तेव्हा सुतळीचा ताण जास्त आहे का, तिचे टोक आत ओढले जाईल इतके लांब सुटले आहे का, सुरी बोथट झाली आहे का, आणि गठ्ठा भरल्यावर ड्रायव्हर थांबला होता का, हे सगळे पाहावे लागते. पाचट ओले असेल तर तोंडाशी तुंबते. तिथे यंत्राचा काहीच अपराध नसतो. म्हणजे अधिष्ठान (शेत), कर्ता (ड्रायव्हर), करण (यंत्र), चेष्टा (ते चालवणे) ही चारही कारणे एकाच गठ्ठ्यात बांधली गेलेली असतात.

यातले सर्वांत बोलके उदाहरण शिअर बोल्टचे. ट्रॅक्टरमधून बेलरला चालवणाऱ्या फिरत्या दांड्याचा, म्हणजे पीटीओचा, जोर मर्यादेबाहेर गेला की हा बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तो तुटण्यासाठीच घातलेला असतो. दिवसात तीनदा तुटला की वैतागून कोणीतरी तिथे कडक पोलादाचा बोल्ट ठोकतो. बोल्ट मग तुटत नाही, पुढे गिअरबॉक्स फुटतो, आणि त्या वेळी स्टिअरिंगवर जो बसलेला असतो त्याच्यावर आळ येतो. बोल्ट बदलणारा बहुधा दुसराच असतो आणि तेव्हा फडात हजरही नसतो. गीतेच्या याच अध्यायात पुढे असे सांगितले आहे की पाच कारणे असताना केवळ स्वतःलाच कर्ता समजणारा नीट पाहत नाही. हे वचन अहंकार घालवण्यासाठी सांगितले जाते, ते योग्यच. पण ते दुसऱ्यावर आळ घेताना लावायचे आपण विसरतो. मजुरीवरच्या ड्रायव्हरला एकटा कर्ता ठरवणे आणि स्वतःला एकटा कर्ता समजणे, दोन्ही एकाच अज्ञानाची रूपे आहेत.

एक आक्षेप शास्त्राच्या बाजूने येईल. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर, आणि दैव म्हणजे डोळे वगैरे इंद्रियांना साह्य करणाऱ्या सूर्यादी देवता. रामानुजांच्या मते पाचवे कारण म्हणजे अंतर्यामी परमात्मा. मग अधिष्ठान म्हणजे फड, करण म्हणजे बेलर आणि दैव म्हणजे ‘न सापडलेले उरलेसुरले कारण’ असा अर्थ लावणे ओढाताणीचे नव्हे का? थोडी ओढाताण आहे, हे मान्य. पण अर्थ कोणताही घेतला तरी दैव इतर चौघांची जागा घेत नाही, त्यांच्या जोडीने येते. अंतर्यामी परमात्मा मानला म्हणून वंगण न घातलेले बेअरिंग तापायचे थांबत नाही.

दुसरा आक्षेप साताऱ्यातच अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम उभारणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या विचारांचा वाचक घेईल: एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा, दोष गेला तर कारण सापडले, यात गीता कशाला? पद्धत तीच खरी. किर्लोस्करवाडीत 1910 नंतर लोखंडी नांगर निघू लागले, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. ती वादाने नव्हे, नांगरून दाखवल्यावर मोडली. पण ज्याने बेलरला लिंबू-मिरची बांधली आहे तो धर्माच्या नावाने बोलतो, आणि त्याला त्याच्याच घरातला पुरावा दाखवणे जास्त पटते. खंडेनवमीच्या पूजेला तर माझा विरोध नाहीच. त्या निमित्ताने यंत्र धुतले जाते, रोलरवरचे पाचट सोलून निघते, ग्रीस भरले जाते. फक्त पूजा झाली म्हणून तपासणी झाली, असे धरू नये. बेअरिंगजवळ कोरड्या पाचटाची धूळ साचते आणि तिथूनच आग लागते. चालू पीटीओजवळ हात घालणाऱ्याचा हात गेला, की ‘वेळच आली होती’ म्हणतात. वेळ आली नव्हती, ट्रॅक्टर बंद केला नव्हता.

मग दैवाला काही उरते का? उरते, पण वाटते त्याहून थोडे. फडात राहिलेली ठिबकची नळी रोलरला गुंडाळली, तर ती कोणीतरी गोळा करायची राहिलेली असते. मार्चमधला अवकाळी पाऊस किंवा वेळच्या वेळी ग्रीस देऊनही आतून फुटलेले बेअरिंग, एवढे मात्र खुशाल पाचव्या खात्यावर टाकावे. आणि बेलरवाला व शेतकरी दुरुस्तीच्या खर्चावरून भांडत असतील, तर कडक बोल्टचा खर्च ज्याने तो बसवला त्याच्याकडून, नळीचा ज्याने ती ठेवली त्याच्याकडून घ्यावा, आणि पाचव्या खात्यातला खर्च तेवढा दोघांनी निम्मा-निम्मा भरावा.