अस्सल गाडी कुठली?

जुन्या गाड्यांच्या संग्राहकांमध्ये सगळ्यात वजनदार शब्द म्हणजे ‘ओरिजिनल’. दोन ब्रिटिश स्पोर्ट्स कार्स शेजारी ठेवल्या की तो शब्द मला नीट कळेनासा होतो.

पहिली एमजीबी. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. हिला वेगळी चेसिस नाही, सगळा भार बॉडीवरच. त्यामुळे दारांखालचा पत्रा गंजला की गाडीचा कणाच गेला. १९८८मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ साचे वापरून तिची नवीकोरी बॉडी विकायला काढली. जुनं इंजिन, जुन्या सीट्स तिच्यात बसवायच्या आणि गाडी पुन्हा रस्त्यावर.

दुसरी जॅग्वारची लाइटवेट ई-टाइप, खास शर्यतीसाठी. १९६३मध्ये १८ गाड्या बांधायचं ठरलं, झाल्या बाराच. उरलेले सहा चेसिस नंबर तसेच पडून राहिले. २०१४मध्ये कंपनीने त्याच नंबरांच्या सहा गाड्या बांधायला घेतल्या.

एकीत आयुष्य जुनं, शरीर नवं. दुसरीत नंबर जुना, बाकी सगळं नवं. मला आधी वाटलं, एमजीबी खरी आणि जॅग्वार तोतया. पण जॅग्वारने काहीच लपवलं नव्हतं. उलट एमजीबी विकणारा नव्या बॉडीबद्दल गप्प बसून ‘कधी गंजलीच नाही’ म्हणू शकतो. म्हणजे खोटेपणा पत्र्यात नसतो, सांगण्यात असतो.

तरीही एक गोष्ट खटकते. त्या बारांपैकी एका गाडीत १९६४ साली माँलेरीच्या ट्रॅकवर पीटर लिंडनरचा जीव गेला. त्या बारा गाड्यांना जे वलय आहे, त्यात असे अपघातही आहेत. नव्या सहांना ते वलय नंबरासोबत आयतं मिळतं. कंपनी प्रामाणिक आहे, पण उसना भूतकाळ तो उसनाच.

म्हणून निवडायची वेळ आली तर मी एमजीबी घेईन. ती पावसात भिजली, गंजली, कुणीतरी तिला सोडून न देता उभी केली. फक्त पुढे विकताना नव्या बॉडीचं बिल फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवीन. गाडी अस्सल राहते की नाही, हे तेव्हा माझ्यावर असेल.