अरुंद अक्षराच्या पोटात

निवांत बसा. ॲपलची १९९७ची ‘थिंक डिफरंट’ ही जाहिरात आठवते? त्यातली थोर माणसं क्षणभर बाजूला राहू द्या. फक्त ते दोन शब्द डोळ्यांपुढे आणा. उंच, सडपातळ रोमन अक्षरं. हा टाइप ॲपल गॅरामंड. १९८४मध्ये मॅकिंटॉश आला, तेव्हापासून पुढे बरीच वर्षं कंपनीच्या जाहिरातींत हाच दिसायचा.

त्यातला एकच छोटा ‘एन’ घ्या. दोन खांब, वर कमान. खांबांच्या पायथ्याशी बारीक आडव्या पट्ट्या आहेत, त्या सेरिफ. पाहिलंत? आता काळ्यावरची नजर काढून खांबांमधल्या पांढऱ्या जागेवर ठेवा. तिथेच थोडं रेंगाळा. मग त्या ‘एन’च्या आणि शेजारच्या अक्षराच्या मधल्या पांढऱ्याकडे वळा. आतलं पांढरं कमी केलं की बाहेरचंही त्याच बेताने कमी करावं लागतं. नाहीतर शब्द विस्कटतो. टाइप अरुंद करणारा खरं तर या दोन पांढऱ्यांचा हिशेब जुळवत असतो.

आता मनातच त्या ‘एन’ला दोन्ही बाजूंनी दाबा. सावकाश. उभे खांब बारीक होत चालले, आडव्या पट्ट्यांची जाडी मात्र होती तेवढीच. आपल्याकडे लग्नपत्रिकेत लांबलचक नाव मावेना की डीटीपीवाला अक्षरांची रुंदी कमी करतो, तेव्हा हेच होतं: काना काडीसारखा, शिरोरेषा पूर्वीइतकीच जाड. नाव मावतं, पण अक्षर आजारी दिसतं.

ॲपल गॅरामंडही आधी दाबलेलंच होतं. टोनी स्टॅन यांचं १९७०च्या दशकातलं आयटीसी गॅरामंड ८० टक्के रुंदीवर आणलं होतं. मग बिटस्ट्रीम कंपनीने रेषांच्या जाड्या पुन्हा बेतल्या, म्हणून ते सावरलं. नाव सोळाव्या शतकातल्या पॅरिसच्या क्लोद गारामाँचं, पण नातं तसं लांबचं. स्टॅन यांच्या अक्षरांची पोटं त्याच्यापेक्षा बरीच उंच आहेत. त्यावर जाणकारांनी नाकंही मुरडली. मला मात्र इथे ती उंची कामाची वाटते. रुंदीत गेलेला उजेड तिने थोडाफार भरून काढला.

शेवटी एक लांब मथळा कल्पा. एरवी दोन ओळी खाणारा मजकूर इथे एकाच ओळीत, तोही मोठ्या आकारात बसतो. खोक्यावर, पोस्टरवर, अरुंद कॉलमच्या डोक्यावर हा टाइप झकास. आता त्याच टाइपात पानभर मजकूर पाहा. खांबांना खांब खेटलेले, डोळा पुढच्या ओळीवर जाताना घसरून पुन्हा त्याच ओळीवर येतो. अशा वेळी ओळींमधलं अंतर वाढवावं, नाहीतर सरळ दुसरा टाइप घ्यावा.